मिर्यामसाठी थांबलेली छावणी

शास्त्रभाग : गणना १२:१-१५, लेवीय १४:१-१०, ३३-४८, रोमकरांस पत्र १४:१-१३

हा पाठ लिहायला बसलो तेव्हा घरातूनच प्रश्न आला, "कोविडवर आता कशाला?" प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी पुकारलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली असे जाहीर केले, त्यालाही काळ लोटला. मास्क कपाटाच्या तळाशी गेले. मंदिरातील बाकांवर खडूने मारलेल्या फुल्या पुसल्या गेल्या. मुलांना तर ती दोन वर्षे गोष्टीसारखी वाटतात.

परंतु एक पाहा. लॉकडाऊन लागला तेव्हा आपण काय केले हे सर्वांना आठवते. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूची संध्याकाळ आठवते, त्या थाळ्या आठवतात, २४ मार्चच्या रात्री दुकानांपुढे उडालेली धांदल आठवते. ती बंधने पुढे एकेक करून सुटू लागली, तेव्हा आपण एकमेकांशी कसे वागलो, हे मात्र कोणी फारसे बोलत नाही. या पाठाचा विषय तोच आहे. शिक्षकांनी वर्गात साथीचा इतिहास सांगत बसू नये. मंडळी म्हणून आपले काय चुकले, याचा शोध घ्यावा. प्रस्तुत लेखकाचे काय चुकले ते पुढे येईलच.

बंदी घालणे चार तासांचे काम होते. रात्री आठला घोषणा झाली आणि बारानंतर देश बंद. बंदी उठवायला दोन वर्षे लागली. पहिले एकवीस दिवस १४ एप्रिलला संपायचे होते. ते ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे असे लांबत गेले. मध्यंतरी जिल्ह्यांना लाल, नारिंगी आणि हिरवा असे रंग मिळाले. ४ मे रोजी आपल्या कर्नाटकात दारूची दुकाने उघडली आणि त्यांच्यापुढच्या रांगांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या रांगांकडे बोट दाखवले. मग जूनपासून 'अनलॉक' या नावाखाली महिन्यामहिन्याला थोडी थोडी सूट येऊ लागली. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे केंद्राचे आदेश शेवटी ३१ मार्च २०२२ रोजी संपले. म्हणजे मोकळे होणे ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. पुष्कळ लहान लहान दारे होती, आणि प्रत्येक दारापाशी माणसाला ठरवावे लागत होते की आपण आत जायचे की अजून बाहेरच थांबायचे.

बंदी असेतो हा प्रश्न नव्हता. सरकारने सांगितले, आपण बसलो. सूट आली आणि निर्णयाचे ओझे सरकारच्या खांद्यावरून उतरून आपल्या खांद्यावर आले. तेव्हापासून भांडणे सुरू झाली.

आमची मंडळी बेळगाव जिल्ह्यातली, सीमेला लागून. आमच्यात निम्म्या घरांच्या सोयरिकी कागल, गडहिंग्लज, चंदगड या बाजूच्या. त्यामुळे एकाच साथीचे दोन वेगवेगळे कारभार आम्हाला शेजारी शेजारी पाहायला मिळाले. कर्नाटकात प्रार्थनास्थळे ८ जून २०२० रोजी उघडली. तो सोमवार होता. आमची पहिली उपासना १४ जूनच्या रविवारी झाली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात देवळे, मशिदी आणि चर्चची दारे बंदच राहिली ती थेट १६ नोव्हेंबरच्या दिवाळी पाडव्यापर्यंत. पलीकडच्या भावंडांना पहिला रविवार मिळाला तो २२ नोव्हेंबरचा. म्हणजे थोरला भाऊ निपाणीत मंदिरात बसून उपासना करतो आहे आणि धाकटा कागलला मोबाईल फोनवर ती ऐकतो आहे, असे पाच महिने चालले. मधे सीमेवर कोगनोळीचा नाका. जूनमध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला सात दिवस सरकारी विलगीकरणात आणि पुढे सात दिवस घरी राहावे लागे. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होतीच. त्यात हा नाका. बहिणीच्या मातीला भाऊ पोचला नाही अशी घरे आमच्याकडे आहेत.

गंमत म्हणजे, आम्हाला परवानगी मिळाली म्हणून आम्ही फार काही मिळवले असेही नाही. जूनचे तीन रविवार झाले आणि राज्याने जुलैमध्ये दर रविवारी पूर्ण टाळेबंदी लावली. ५, १२, १९, २६ जुलै, चारही रविवार गेले. मंदिर सोमवार ते शनिवार उघडे आणि प्रभूच्या दिवशी बंद! पाळकसाहेबांनी शनिवारी संध्याकाळी उपासना घेऊन पाहिली. तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की आपण आता सातव्या दिवसवाले झालो.

महाराष्ट्रात या काळात फार चीड होती. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि बार उघडले, पण प्रार्थनास्थळे उघडली नाहीत. त्यावरून आंदोलने झाली, राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रापत्री झाली, पंढरपुरात तर त्याआधी ३१ ऑगस्टलाच मोठा जमाव जमला होता. "दारू चालते, देव चालत नाही का?" हा सवाल जसा हिंदू बांधवांनी केला तसा आपल्या लोकांनीही केला. सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. त्याच्या दुसऱ्या बाजूचाही शिक्षकांनी विचार करावा, कारण ती बाजू आपल्या उपासनेशी निगडित आहे.

१० मार्च २०२० रोजी, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदीचा विचारही नव्हता तेव्हा, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन या गावी एका गायनमंडळाचा सराव एका चर्चच्या दालनात झाला. एकसष्ट माणसे आली. अडीच तास गाणे झाले. मधे थोडा फराळ झाला, शेवटी सर्वांनी मिळून खुर्च्या आवरल्या. त्यांपैकी एकाला सर्दीसारखे काही होते. पुढे त्या एकसष्टांपैकी त्रेपन्न आजारी पडले; तेहतीस जणांची तपासणीत खात्री झाली, वीस जणांची लक्षणे तशीच होती. दोघे वारले. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. हात धुण्याची सोय होती, गळाभेटी टाळल्या होत्या, नियम एकही मोडला नव्हता. ते फक्त गात होते. मोठ्याने गाताना माणूस खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो. त्या श्वासाबरोबर बारीक तुषार हवेत जातात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. दुकानात माणूस शेर-दोन शेर घेऊन बाहेर पडतो. उपासनेत तो तास-दीड तास एका ठिकाणी बसतो, गातो, आणि बसणाऱ्यांत म्हातारी माणसे अधिक असतात.

यामुळेच केंद्राच्या आरोग्य खात्याने ४ जून २०२० ला प्रार्थनास्थळांसाठी ज्या सूचना काढल्या त्यांत समूहगायनाला मनाई होती. ध्वनिमुद्रित भक्तिगीते लावा असे म्हटले होते. पासष्टीवरील, जुन्या आजाराचे, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी घरीच राहावे असा सल्ला होता. आता मराठी ख्रिस्ती उपासनेतून गायन काढले तर काय उरते, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. १४ जूनला आम्ही पेटी आणि तबला बाजूला ठेवले. पाळकसाहेबांनी गीताचे शब्द नुसते वाचले. तिसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरून मास्कमधून कोणीतरी गुणगुणू लागले, मग दुसरे, मग सारे. पाळकसाहेब थांबले. त्यांना रागवायचे होते, पण त्यांच्याने ते झाले नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी होते. आणि माझ्या डाव्या हाताला बसलेली एक बाई त्याच वेळी उठून बाहेर गेली, कारण तिच्या घरी दम्याचा रुग्ण होता. मला तेव्हा तिचा राग आला.

आता जरा थांबून लोकांच्या मनाकडे पाहू. सूट मिळाली की कोण पुढे होतो आणि कोण मागे राहतो? आमच्या वडील मंडळींच्या सभेत याचा निकाल दोन शब्दांत लावला जाई. पुढे येतो तो विश्वासू आणि मागे राहतो तो भित्रा; किंवा पुढे जातो तो बेपर्वा आणि मागे राहतो तो शहाणा. कोण बोलतो आहे त्यावर ते अवलंबून असे. प्रत्यक्षात असे मुळीच नव्हते. उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा माणूस मे महिन्यातच बाहेर पडला. तो शूर होता म्हणून नव्हे, तर घरात पीठ नव्हते म्हणून. वडगाव-खासबागेकडे मागावर साड्या विणणाऱ्यांचे तेच झाले. माग सुरू करायला परवानगी मिळाली, पण साडी घ्यायला लग्ने कुठे होती? लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा. उलट माझ्यासारख्या पेन्शनवाल्याला महिन्याच्या महिन्याला पैसे बँकेत येत होते. मी सावध राहिलो असतो तर त्यात माझा फारसा मोठेपणा नव्हता. कित्येक शहरी गृहसंकुलांनी सरकारची परवानगी असूनही घरकामाच्या बायांना फाटकातून आत घेतले नाही. त्यांनी स्वतःला जबाबदार म्हणवून घेतले. बायांचा पगार कोणी दिला, कोणी दिला नाही. सावधगिरी पुष्कळदा पैशाने विकत घेतलेली असते आणि धाडस पुष्कळदा गरजेने करविलेले असते, हे ध्यानात ठेवले तर कितीतरी कठोर शब्द तोंडातच राहतील.

याखेरीज एकटेपणाने बाहेर काढलेली माणसेही होती. आमच्यातल्या एक विधवा आजी ८ जूनच्या सकाळीच मंदिराच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पासष्टीचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "बाबा, तीन महिन्यांत माझ्याशी फक्त दूधवाला बोलला." त्यांना घरी पाठवणे कोणाच्या नियमात बसत होते मला ठाऊक नाही. आम्ही त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली.

आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले होते, त्यांना तर कोणतीही सूट लवकरच वाटे. जग त्यांच्या दुःखावरून पाय देऊन पुढे चालले आहे असे त्यांना वाटे. बेळगावचे खासदार आणि केंद्रातील रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला याच आजाराने गेले, तेव्हा काही दिवस शहर दबकले. एवढ्या मोठ्या माणसाला होतो तर आपले काय, असे लोक म्हणू लागले. महिनाभरात ते विसरले.

नियमही माणसाला विसरायला मदत करीत. डिसेंबर २०२० मध्ये नाताळच्या तोंडावर राज्यात रात्रीची संचारबंदी जाहीर झाली आणि अंमल सुरू होण्याआधीच, २४ तारखेला, मागे घेतली गेली. जे सकाळी धोक्याचे ते दुपारी धोक्याचे नाही, असे झाल्यावर माणूस नियमाचे कारण शोधणे सोडून देतो आणि नुसता पोलीस पाहतो. पोलीस नसला की मास्क हनुवटीवर.

ही काही आजची रीत नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १९१८ च्या इन्फ्लुएंझात मास्क सक्तीचे होते. २१ नोव्हेंबरला दुपारी बाराला सक्ती उठली आणि लोकांनी रस्त्यातच मास्क फेकून दिले. जानेवारीत आजार पुन्हा वाढला, १७ जानेवारी १९१९ ला पुन्हा सक्ती आली, आणि या वेळी लोकांनी मास्कविरोधी संघच काढला. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. पहिल्यांदा बंधन पाळणारी माणसे दुसऱ्यांदा पाळीत नाहीत, हे आपणही २०२१ मध्ये पाहिले.

आपल्या भागातले जुने लोक मात्र एक निराळी रीत सांगत. १८९६ साली मुंबईत दिसलेला प्लेग पुढे इकडेही पोचला. तेव्हा गावे उठून शिवारात झोपड्यांत राहायला जात. सरकारच्या सक्तीने लोक किती चिडले हे पुण्याच्या इतिहासावरून सर्वांना माहीत आहे. तेथे सैनिकांकरवी झालेल्या घरझडतीचा शेवट २२ जून १८९७ ला रँडच्या खुनात झाला. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याने तो काळ आठवतो, तोच कायदा २०२० मध्येही कामी आला. पण झोपड्यांतून परत येण्याची जी कथा माझी आजी सांगे तिच्यात सरकार नव्हते. आधी घरावरची कौले काढीत, म्हणजे ऊन आत पडे. भिंतींना चुना देत. जमीन उकरून नवी घालीत. मग बाप्ये माणसे दिवसा जाऊन येत आणि रात्री झोपडीतच निजत. बायकामुले शेवटी. आणि एखाद्या घरातले कोणी अजून उठले नसेल तर शेजारची झोपडी त्याच्यासाठी राहू देत; त्याला एकट्याला रानात टाकून सारे गावात गेले, असे होत नसे. निदान आजी तरी असे सांगे. म्हाताऱ्यांच्या आठवणी थोड्या गोड होतात हे मान्य करूनही ही आठवण मी सोडणार नाही.

लेवीयचा चौदावा अध्याय वाचताना मला नेहमी या चुन्याच्या भिंती दिसतात. आपण हा अध्याय वर्गात घेत नाही. मुले कंटाळतील अशी भीती वाटते. परंतु मोकळे होण्याच्या पायऱ्या किती बारकाईने सांगितल्या आहेत पाहा. बरा झालेला मनुष्य पहिल्या दिवशी कपडे धुतो, केस काढतो, स्नान करतो आणि छावणीत येतो. पण आपल्या डेऱ्यात जात नाही. सात दिवस तो डेऱ्याबाहेर राहतो. सातव्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी अर्पण घेऊन तो याजकापुढे उभा राहतो. घराचेही तसेच, सात दिवस बंद ठेवायचे, मग पाहायचे, लागण पसरली असेल तर दगड काढून, भिंत खरवडून, नवा गिलावा करायचा, आणि पुन्हा पाहायचे. बरा झालेल्यालाही एकदम आत घेत नाहीत आणि त्याला कायमचे बाहेरही ठेवीत नाहीत. याजक छावणीबाहेर त्याच्याकडे जातो. तिसऱ्या वचनातील ही गोष्ट शिक्षकांनी अधोरेखित करावी, कारण आमच्या मंडळीत नेमके हेच झाले नाही.

आता ती हकीकत. आमच्या शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग एक बाई तेरा वर्षे घेत होत्या. चित्रे स्वतः काढीत, नाताळचे नाटक बसवीत. त्यांच्या सासूबाई डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागे. जानेवारी २०२१ मध्ये आम्ही मुलांचे वर्ग मंदिराच्या आवारात झाडाखाली सुरू करायचे ठरवले. बाईंनी निरोप पाठवला की सासूबाईंना लस मिळेपर्यंत मला सांभाळून घ्या. लस तेव्हा आरोग्यसेवकांनाच मिळत होती. साठीवरील लोकांना ती मिळू लागली १ मार्चपासून. म्हणजे त्या काही अनंतकाळ मागत नव्हत्या. आम्ही दोन रविवार थांबलो. तिसऱ्या रविवारी पंचांच्या सभेत म्हणणे पडले की वर्ग असा रिकामा ठेवता येत नाही, आणि वर्ग एका तरुण मुलीला दिला. इथवर कदाचित क्षम्य आहे. परंतु त्या सभेत मी म्हणालो, "विश्वास असता तर आल्या असत्या." खोलीत सात माणसे होती. चार दिवसांत ते वाक्य बाईंच्या घरी पोचले.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. १७ एप्रिलला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तिच्या प्रचाराची गर्दी आम्ही डोळ्यांनी पाहिली. २१ एप्रिलपासून प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला देशात दिवसाला चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले जात होते. आमच्या छोट्या मंडळीतून पाच जण गेले. १४ जूनला कर्नाटकाने बंधने सैल केली तेव्हाही बेळगावसह अकरा जिल्हे आणखी आठवडाभर बंदच राहिले. ५ जुलैला मंदिराची दारे पुन्हा उघडली. सीमेपलीकडे ती उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. झाडाखालचा तो वर्ग एकूण तीन महिनेसुद्धा चालला नव्हता. एवढ्यासाठी आम्ही तेरा वर्षांचे माणूस दुखावले. आणि जुलैनंतर वर्ग नव्याने बसला तेव्हा बाईंना परत बोलवावे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्या उपासनेला येतात. शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलापुढे असाच पेच होता. तेथे वाद अन्नाचा आणि दिवसांचा आहे. एक सर्व खातो, दुसरा शाकभाजीच खातो. पौल दोघांना एकच दोष देत नाही, हे बारकाईने पाहावे. खाणाऱ्याला तो सांगतो की न खाणाऱ्याला तुच्छ मानू नको. न खाणाऱ्याला सांगतो की खाणाऱ्याचा न्याय करू नको. दोन माणसांना दोन निरनिराळी पापे खुणावतात. आमच्या मंडळीत अगदी तसेच होते. जे लवकर बाहेर पडले त्यांनी घरी बसणाऱ्यांना हसण्यावारी नेले, "अजून बिळातच का?" असे विचारले. जे घरी बसले ते बाहेर पडणाऱ्यांचे न्यायाधीश झाले. कोण कोणाच्या बारशाला गेले, कोणाला ताप आला, याच्या याद्या फोनवरून फिरू लागल्या. मी पहिल्या गटातला. दुसऱ्या गटाचे पाप मला तेव्हा स्पष्ट दिसत होते.

कोणी म्हणेल, पौल तर अशक्ताला सांभाळून घ्या म्हणतो. मग सावध माणसाला अशक्त विश्वासाचा ठरवायचे काय? मला तसे वाटत नाही. अन्नाचा प्रश्न मनाचा होता. येथे प्रश्न दुसऱ्याच्या फुप्फुसाचा होता. त्या बाई स्वतःच्या जिवासाठी घरी बसल्या नव्हत्या. परंतु पौलाची जी सूचना आहे, म्हणजे आपल्या मोकळेपणामुळे भावाच्या वाटेत धोंडा ठेवू नये, ती येथे लागू पडते. सरकारची सूट म्हणजे आज्ञा नव्हे. १४ जूनला मंदिर उघडायला परवानगी होती. त्या दिवशी प्रत्येकाने आत आलेच पाहिजे, असे कोणत्याही आदेशात म्हटले नव्हते. ती भर आम्ही घातली. दिल्लीच्या जामा मशिदीचे उदाहरण त्या वेळी आमच्यापुढे होते. ती ८ जूनला उघडली, आणि इमामांच्या सचिवाचा या आजाराने मृत्यू झाल्यावर तीनच दिवसांनी, ११ जूनला, मशिदीच्या लोकांनी ती आपण होऊन महिनाअखेरपर्यंत बंद केली. परवानगी हातात असताना ती न वापरणे हेही स्वातंत्र्यच आहे.

आता गणना १२. मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलले. मिर्यामला कोड फुटले. मोशेने तिच्यासाठी धावा केला, आणि तिने सात दिवस छावणीबाहेर राहावे असे ठरले. मुलांना गोष्ट सांगताना आपण येथवर येऊन थांबतो आणि चहाडी करू नये असे तात्पर्य काढतो. पंधराव्या वचनाचा शेवट वाचायचा राहून जातो. तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी कूच केले नाही. एवढा मोठा समुदाय, हसेरोथचा रानातला मुक्काम, पुढे पारान, आणि एका स्त्रीसाठी सात दिवस कोणी डेरा उपटला नाही. बरे, चूक तिचीच होती. तरी तिच्या विलगीकरणाचा हिशेब साऱ्या छावणीने आपल्या हिशेबात धरला. त्या सात दिवसांत कोणी कुरकुरले नसेल काय? इस्राएल लोकांचा स्वभाव पाहता कुरकुरले असतीलच. पण गेले नाहीत.

आमच्या बाईंची तर काही चूकही नव्हती, आणि आम्हाला कुठे वतनाच्या देशात पोचायचे नव्हते. एका झाडाखाली अकरा मुले बसवायची होती.

शिक्षकांसाठी थोडे. मोठ्यांच्या वर्गात प्रथम प्रत्येकाला विचारावे की बंधने सैल झाल्यावर पहिल्यांदा घराबाहेर तुम्ही कोठे गेलात आणि का. उत्तरे ऐकताना कोणी हसू लागले तर थांबवावे. मग रोम १४:३ वाचून प्रत्येकाने मनाशी ठरवावे की त्या काळी मी तुच्छ मानणारा होतो की न्याय करणारा. हे मोठ्याने सांगायची सक्ती करू नये. लहान मुलांच्या वर्गात नोहाची गोष्ट घ्यावी. पाऊस थांबल्यावर नोहा लगेच बाहेर आला नाही. कावळा, मग कबुतर, सात दिवस, पुन्हा कबुतर, पुन्हा सात दिवस, आणि जमीन सुकल्यावरही त्याने सांगावा येण्याची वाट पाहिली. मुलांना कबुतर कागदाचे करू द्यावे. तारवात ज्याला सर्वांत शेवटी बाहेर यावेसे वाटले असेल असा प्राणी कोणता, असे विचारावे. आमच्याकडे एका मुलीने गोगलगाय सांगितली आणि तिच्यासाठी दार कोणी धरले असेल असेही विचारले.

आणि एक काम वर्गाबाहेरचे. फेब्रुवारी २०२० चा हजेरीपट प्रत्येक मंडळीच्या कपाटात असेल. तो काढावा आणि नावे वाचावीत. आमच्या पटावर बासष्ट नावे निघाली. सात जण मातीआड आहेत. पाच घरे गाव सोडून गेली. एक कुटुंब दुसऱ्या मंडळीत जाते, तेथे सुखी आहे. पाच नावांपाशी मात्र सभेत कोणी काही बोलले नाही; ती का येत नाहीत हे कोणाला सांगता येईना, किंवा सांगायचे नव्हते. त्यांच्याकडे दोघा-दोघांनी जायचे ठरले आहे. शब्बाथशाळेच्या बाईंचे नाव उपस्थितांत आहे, म्हणून त्या यादीत त्या नव्हत्या. त्यांच्याकडे मी एकटाच गेलो. सासूबाई खाटेवर होत्या, त्यांनी ओळखले. चहा झाला. मी सभेतल्या त्या वाक्याबद्दल माफी मागितली आणि वर्ग पुन्हा घ्याल काय असे विचारले. बाई म्हणाल्या, "आता त्या मुलीचा चांगला जम बसलाय. तिला उठवू नका." मग थोड्या वेळाने आत जाऊन त्यांनी नाताळच्या नाटकाची जुनी वही आणून दिली आणि तिला द्या म्हणाल्या.